राष्ट्रीय महत्त्वाचा रकाना

ओवी आणि निहार,

सरकारी अर्जातला अकरावा रकाना मी जवळजवळ तीस वर्षं भरत आले, आणि त्यातलं एकही संशोधन माझं नव्हतं. तुम्ही फोनवर विचारता, "आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस?" तेव्हा मी "कागद" एवढंच सांगून जेवलात का ते विचारते. फोनवर दुसरं काय सांगणार? तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा माझे डोळे मिटत आलेले असतात. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या, तेव्हा म्हटलं, छापलेलं असलं की तुम्ही सवडीने वाचाल. अडलात तर आईला विचारा. तिचं मराठी अजून शाबूत आहे.

रत्नागिरीत समुद्राचा अभ्यास करणारं एक लहान केंद्र होतं, त्याच्या प्रकल्प शाखेची मी अधीक्षक होते. शास्त्रज्ञाला पगार मिळतो, पण होडी, डिझेल, रसायनं, हाताखालची मुलं यांची सोय त्याला बाहेरून करावी लागते. त्यासाठी दिल्लीतल्या कुठल्या तरी खात्याकडे प्रस्ताव पाठवायचा. प्रस्तावाचा छापील नमुना असे. पहिले दहा रकाने आमचे शास्त्रज्ञ झरझर भरत: विषय काय, आधी कोणी काय केलंय, पद्धत कोणती, किती वर्षं लागतील. अकराव्या रकान्यापाशी आले की पेन थांबायचं. तिथे लिहिलेलं असे, "प्रस्तावित संशोधनाचं राष्ट्रीय महत्त्व, शंभर शब्दांत." मग ते उठून माझ्या टेबलाशी येत.

माझ्याकडे येण्याचं कारण माझे वडील. ते इंग्रजीचे शिक्षक होते आणि रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मला एक उतारा देऊन त्याचा एक तृतीयांश सारांश लिहायला लावत. एक शब्द जास्त झाला तरी वही परत येई. पुढे मी इंग्रजी घेऊन बी. ए. केलं, पण कामाला आला तो हा सारांशच. कोळंबीच्या पोटातल्या जंतूंवर माणूस अर्धा तास बोलला, तरी त्यातून दिल्लीला काय हवंय ते मी शंभर शब्दांत काढू शकत असे. केंद्रात पद्धतच पडून गेली होती की अकरावा रकाना बाईंनी लिहायचा. वर कोणाला ते ठाऊक नव्हतं.

दिल्लीला काय हवं असतं, ते दर काही वर्षांनी बदलायचं. मी लागले तेव्हा "प्रथिनं" आणि "ग्रामीण रोजगार" हे शब्द चालत. मग "निर्यात" आली. मग "हवामान" आलं. खाडी तीच, कोळंबी तीच, शास्त्रज्ञही बहुतेक तेच. मी फक्त रकाना नवा लिहीत असे. यात मला लबाडी वाटत नसे. कोळंबीत प्रथिनं असतातच, तिची निर्यात होतेच, आणि हवामानाचा तिला त्रास होतोच.

मग एका नोव्हेंबरात समुद्रातून माणसं आली आणि मुंबईत काय झालं ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर आमच्या किनाऱ्याकडे बघायची दिल्लीची नजर पालटली. जेटीवर चौकी बसली, खलाशांना ओळखपत्रं आली. आमच्याकडे येणाऱ्या परिपत्रकांतही एक ओळ ठळक अक्षरांत दिसू लागली: किनारा सुरक्षेशी निगडित संशोधनास प्राधान्य.

या ओळीने काहींचं भलं झालं, हेही सांगायला हवं. आमचे भिडेसर होड्यांच्या बुडाला चिकटणाऱ्या कवचाच्या जिवांवर काम करत. हातावर टेकवलं तर चरा पडेल असे ते टोकदार पांढरे जीव. वर्षानुवर्षं सरांना कोणी विचारलं नव्हतं. ते स्वतःच्या स्कूटरवरून जेटीवर जात आणि घरच्या किसणीने होड्या खरवडत. एकदा ती किसणी परत स्वयंपाकघरात गेली, त्यावरून त्यांच्या घरी बरंच झालं होतं. मी रकान्यात एवढंच लिहिलं की हे जीव चिकटले की गस्तीच्या नौकांचा वेग घटतो. खरंच घटतो. सरांना प्रकल्प मिळाला, नवं सूक्ष्मदर्शक मिळालं, दोन मुलं हाताखाली मिळाली. सर मला म्हणाले, "बाई, मी वीस वर्षं या जिवांचं आयुष्य सांगत होतो. तुम्ही फक्त ते कुणाला त्रास देतात ते सांगितलंत."

काहींचं अडलंही. एक परदेशी मुलगा खाडीतल्या खेकड्यांचा अभ्यास करायला येणार होता. त्याच्या परवानगीचा कागद दिल्लीत तीन खात्यांतून फिरला. खेकडे कुठले, खाडी कुठली, जवळ काय आहे, मुलाचे आजोबा कुठे जन्मले, असे प्रश्न येत गेले आणि मी उत्तरं पाठवत गेले. परवानगी आली तेव्हा त्याचं खेकड्यांशी नातं संपून त्याने एका बँकेत नोकरी धरली होती. तरी दर नवीन वर्षाला त्याचं शुभेच्छापत्र यायचं, "माझ्या फाइलला" असं लिहून.

पण आज सांगायचंय ते अंकिताचं. तिच्या वेळी चूक माझ्या हातून झाली.

आमचे तोडणकरसर तिसऱ्यांवर काम करत. तिसऱ्या म्हणजे खाण्याच्या शिंपल्या. निहार, गेल्या वेळी तू दोन ताटं संपवलीस त्याच. खाडीच्या मुखाशी सुकती लागली, म्हणजे पाणी ओसरलं, की वाळूचे लांब उंचवटे वर येतात. त्यांना दांडे म्हणतात. समोरच्या वाडीतल्या बायका त्या दांड्यांवर तिसऱ्या काढायला उतरतात. दांडे पावसाळ्यात सरकतात आणि तिसऱ्याही त्यांच्याबरोबर जागा बदलतात. त्या लहान होत चालल्यात, कमी होत चालल्यात, असं बायका सांगत होत्या. सरांना दांडे कसे सरकतात आणि तिसऱ्यांचं बी कुठे धरतं, ते शोधायचं होतं. त्यांच्याकडे पीएच. डी.साठी अंकिता आली ती त्याच वाडीतली. तिची आई सुगंधा लग्न होऊन आल्यापासून त्या दांड्यांवर वाकलेली. वाडीतून इतकं शिकलेली अंकिता पहिलीच.

सरांचा प्रस्ताव दोनदा परत आला. दोन्ही वेळा शेरा एकच, "विषय स्थानिक स्वरूपाचा आहे." तिसऱ्यांदा परत आला असता तर अंकिताची विद्यावृत्ती थांबली असती आणि तिला काम सोडावं लागलं असतं. म्हणून मी तिला समोर बसवून नीट विचारायचं ठरवलं. त्या दिवशी सुगंधा बाजार उरकून मुलीबरोबर आली होती. रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून ती खुर्चीच्या कडेला बसली.

मी अंकिताला म्हटलं, "शिंपल्या बाजूला ठेव. दांड्यांचं सांग. दांडे कुठे आहेत ते कळलं तर आणखी कुणाला फायदा आहे?"

अंकिताच्या आधी सुगंधाच बोलली, "होडीवाल्यांना. नवखा मानूस सुकतीला आत आला तर दांड्यावर चढून बसंल. भरतीची वाट बघत बसायचा मंग."

"आणि माहीतगार असला तर?"

"तो कदीपन आत येतोय. वाट हाय ना. आमी चालत जातो त्या वाटंच्या कडंकडंनं."

"म्हणजे कुणी बाहेरचा माणूस, वाट ठाऊक असलेला, गुपचूप आत येऊ शकेल?"

सुगंधाने माझ्याकडे रोखून बघितलं. "बाई, तुमच्या डोक्यात काय हाय?"

माझ्या डोक्यात शंभर शब्द जुळत होते. मी लिहिलं की खाडीमुखाजवळचे सरकते दांडे अनोळखी नौका कुठे उतरू शकेल ते ठरवतात, त्यांची ऋतूनुसार नोंद कुठेही उपलब्ध नाही, आणि असा नकाशा किनारा सुरक्षेच्या दृष्टीने मोलाचा ठरेल. तिसऱ्यांचा उल्लेख शेवटच्या वाक्यात, "अनुषंगाने" या शब्दाने केला. प्रस्ताव गणपतीत गेला आणि दिवाळीला मंजूर होऊन आला. तोडणकरसरांनी शाखेत पेढे वाटले. मला दोन मिळाले.

मंजुरीपत्रामागे अटींची तीन पानं होती. मी अटी वाचणारी बाई आहे, हे तुमच्या आजोबांना विचारायला हवं होतं. मी तीही वाचली. एका अटीत होतं की प्रकल्पातील अक्षांश-रेखांश, खोलीच्या नोंदी व नकाशे खात्याच्या लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नयेत. परवानगीची अट बऱ्याच पत्रांत असायची आणि परवानगी मिळायचीही. मी पेन्सिलीने बारीक बरोबरची खूण केली आणि पत्र फाइलला लावलं. अंकिताला बोलावून ती अट मोठ्याने वाचून दाखवायला हवी होती. तेवढं राहिलं.

तीन वर्षं ती पोर आईबरोबर आणि वाडीतल्या बायकांबरोबर दांड्यांवर उतरली. लाकडी चौकट वाळूवर ठेवायची, आतली वाळू चाळायची, तिसऱ्या मोजायच्या, जागा नोंदवायची. पाणी असलं की होडीतून यंत्राने खोली मोजायची. तिचा नकाशा मी पाहिलाय. प्रत्येक ऋतूला वेगळा रंग, आणि दांडे असे सरकताना दिसत की झोपेत कूस बदलणारं माणूस वाटावं. प्रबंधाचं चौथं प्रकरण सगळं त्या नकाशावर उभं होतं. तोवर नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढणार नव्हती. मेअखेरच्या आत प्रबंध गेला नसता तर पदवी गेली असती, आणि चिपळूणच्या एका कॉलेजात तिला मिळू घातलेली जागाही.

मी परवानगी मागणारं पत्र पाठवलं. उत्तरात पत्राऐवजी एक माणूस आला. आढावा समितीचे सदस्य, नौदलातून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना कमांडरसाहेब म्हणत असू. उंच, मृदू बोलणारे, घरी मराठी असलेले. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि बराच वेळ बोट न लावता बघितला.

"उत्तम काम आहे," ते अंकिताला म्हणाले. "हा बाहेर जाणार नाही."

अंकिता म्हणाली, "सर, हा शिंपल्यांचा नकाशा आहे."

"हो. पण तुमच्याच प्रस्तावात लिहिलंय की अनोळखी नौका कुठे उतरेल ते यावरून कळतं." त्यांनी अकरावा रकाना काढून वाचून दाखवला. माझं वाक्य माझ्याच शाखेत मला परक्याच्या तोंडून ऐकू आलं. "याच वाक्यामुळे प्रकल्प मंजूर झाला. आता यावर सही करून मी तो छापायला कसा देऊ?"

अंकिताने माझ्याकडे बघितलं. रकाना मी लिहिलाय हे तिला माहीत होतं. तिने नकाशाची गुंडाळी केली. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी एक पत्र लिहिलं. माझ्या नावाने. त्यात म्हटलं की ते वाक्य शास्त्रज्ञांचं नसून माझं आहे, मी ते ऐकीव माहितीवर लिहिलं, आणि त्याची शिक्षा विद्यार्थिनीला होऊ नये. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं होती. पत्र घेऊन संचालकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि परत दिलं.

"बाई, तुम्ही लिहिलंत त्यात खोटं काय आहे?"

"खोटं काही नाही."

"मग मागे काय घेता? आणि हे गेलं की ते आपल्या इथल्या सगळ्या प्रस्तावांचे अकरावे रकाने काढून बसतील. भिड्यांचा, माझासुद्धा."

त्यांचंही बरोबर होतं. खोटं लिहिलं असतं तर चूक कबूल करून मोकळं होता आलं असतं. खऱ्या वाक्याचं काही करता येईना. मी पत्र घरी आणलं आणि दोन दिवस अटींची ती तीन पानं, वडिलांनी उतारा वाचायला शिकवलं तशी, शब्दाशब्दाला थांबून वाचली. अक्षांश-रेखांश, खोली, नकाशे. बंदी एवढ्यावरच होती.

तिसऱ्या दिवशी अंकिताला विचारलं, "तुझ्या कच्च्या वह्यांत जागा कशा लिहिल्यात?"

"सुरुवातीला आई सांगायची तशाच. यंत्र नंतर मिळालं. म्हातारीचा दांडा, आंधळी वाट, सासूची मांडी..."

"सासूची मांडी का?"

"वरून मऊ दिसते. पाय टाकला की आत ओढते."

त्या दिवसापासून मेच्या मध्यापर्यंत तिने चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. नकाशा नाही, आकड्यांत जागा नाही. प्रत्येक दांडा बायकांच्या नावाने. कुठल्या सुकतीला तो उघडा पडतो, कुठल्या दांड्यापासून किती पावलांवर आहे, तिथे कुठल्या ऋतूत किती तिसऱ्या आणि केवढ्या. पावलं सुगंधाची धरली, कारण वाडीत सगळ्यांना तिचं पाऊल ठाऊक होतं. तोडणकरसर वाचून म्हणाले, "हे शास्त्र आहे की पत्ता सांगणं?" पण त्यांनी सही केली. मी प्रकरण दिल्लीला पाठवलं. आठ दिवसांनी कमांडरसाहेबांचा मला फोन आला.

"बाई, ही नावं मला कुठल्याही चार्टवर सापडत नाहीत."

"नाहीत सापडायची, सर."

"मग आक्षेप घ्यायला माझ्याकडे काही नाही. पत्र पाठवतो." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या मांडीवर एकदा आमची एक बोट अडकली होती. तेव्हा हे नाव कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक कोल्हापूरकडचे आले. काटेकोर गृहस्थ. त्यांना चहात साखर चालत नव्हती आणि प्रबंधात विशेषणं. शेवटच्या रांगेत वाडीतल्या बायका बसल्या होत्या, नवी लुगडी नेसून. मी निकालाचा नमुना घेऊन दाराशी उभी. परीक्षकांनी चौथं प्रकरण उघडलं.

"या जागा नक्की कुठे आहेत?"

अंकिता म्हणाली, "सर, लिहून देता येत नाही. परवानगी नाही."

"मग मी हे तपासायचं कसं? ज्या जागेचा पत्ता नाही तिथली मोजणी मी खरी कशी मानू?"

प्रश्न रास्त होता. सही झाली नसती तर सगळंच तिथे संपत होतं. अंकिताने टेबलाची कड धरली होती. मागून सुगंधा उठली.

"सायेब, उद्या सकाळी सुकती हाय. या. दावते."

"आई, खाली बस," अंकिता पुटपुटली.

"कशाला बसू? त्यांना बगायचं हाय, आन् आमी रोज तितंच जातो. बगायला पन परवानगी लागते व्हय?"

परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला नियम विचारत होतं आणि उत्तर माझ्या मनासारखं होतं. मी म्हटलं, "बंदी कागदाला आहे, सर. वाळूवर जायला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी गेले नाही. मला ऑफिस होतं, आणि त्या दांड्यांवर माझं काही काम नव्हतं. अंकिताने नंतर सांगितलं की त्यांनी प्रबंध पिशवीत घालून नेला होता, प्रत्येक दांड्यावर उभं राहून पान उघडत होते, आणि स्वतःच्या हाताने चौकट टाकून चार ठिकाणी तिसऱ्या मोजल्या. पावलं मात्र त्यांची सुगंधापेक्षा लांब पडत होती. "सायेब, बारीक टाका," ती त्यांना सारखी सांगत होती, "तुमी माज्या लेकीचं गनित बिघडवाल." अकराच्या सुमारास ते शाखेत आले. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत ओले, बूट हातात. नमुन्यावर सही केली. शिफारशीच्या जागी लिहिलं, "प्रत्यक्ष जागेवर तपासले." असा शेरा मी त्याआधी किंवा नंतर कुठल्याच प्रबंधावर पाहिला नाही.

अंकिता आता डॉक्टर आहे आणि चिपळूणला शिकवते. मुलांना आवडते म्हणतात. पण संशोधन तिने सोडलं. प्रबंधातला लेख तिने दोन परदेशी नियतकालिकांकडे पाठवला, दोघांनीही परत केला. जागेचे अक्षांश-रेखांश नसलेलं काम ते छापत नाहीत. तोडणकरसरांना पुढचं काम तिने करावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "सर, पुन्हा अकरावा रकाना आला ना?" सरांनी मग तो विषय काढला नाही. माझ्यापाशी ती याबद्दल कधी बोलली नाही. दिवाळीला येते, वाकून नमस्कार करते, आईने दिलेल्या तिसऱ्या देते.

नकाशा केंद्रातल्या लोखंडी कपाटात आहे. तो मोकळा करावा म्हणून मी निवृत्त होण्याआधी दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. देशाने आपला किनारा राखू नये, असं मला अजूनही म्हणायचं नाही. त्या नोव्हेंबरनंतर मीही खिडकीतून समुद्राकडे वेगळ्या नजरेने बघत होते. पण राखायचं काय आणि दाखवायचं काय हे ठरवणाऱ्याने एकदा तरी सुकतीला खाली उतरायला हवं होतं. ते माझ्या रकान्यात बसलं नाही, आणि बसवायचा प्रयत्नही मी केला नाही.

गेल्या महिन्यात बाजारात सुगंधा भेटली. तिसऱ्यांचे वाटे लावता लावता तिने विचारलं, "बाई, तो नकाशा आमाला कदी बगायला मिळंल?"

एरवी मी "प्रयत्न चालू आहेत" म्हटलं असतं. तिला ते सांगवेना. म्हटलं, "सुगंधाबाई, बहुतेक नाहीच मिळायचा."

तिने मापाने तिसऱ्या माझ्या पिशवीत ओतल्या आणि वर एक मूठ टाकली. "ऱ्हाऊ दे मंग," ती म्हणाली. "म्हातारीचा दांडा दोन पावसाळ्यांमागंच व्हावून गेला. आंधळ्या वाटंवर आता गळाभर पानी हाय. जे त्यांनी कपाटात घातलंय, ते खाडीत उरलंय कुटं?"